ल हाव्रचं संत जोसेफ चर्च : मनोरा शहराचा, वेदी धर्मग्रामाची

सप्टेंबर १९४४. पॅरिस ऑगस्टअखेरीसच मुक्त झालं होतं, पण सेन नदी जिथे इंग्लिश खाडीला मिळते तिथलं ल हाव्र हे मोठं बंदर अजून जर्मनांच्या हातात होतं. पुढे सरकणाऱ्या दोस्त सैन्याला रसद उतरवायला बंदर हवं होतं आणि तिथला जर्मन सेनाधिकारी शरण यायला तयार नव्हता. नागरिकांना आधी बाहेर जाऊ द्या, अशी त्याने केलेली विनंती ब्रिटिशांनी मानली नाही. ५ आणि ६ सप्टेंबरला ब्रिटिश विमानांनी शहराचा मध्यभाग सपाट केला. या हल्ल्यांत सुमारे दोन हजार नागरिक गेले. संपूर्ण युद्धात ल हाव्रने गमावलेल्या नागरिकांचा आकडा पाच हजारांच्या आसपास जातो. साडेबारा हजारांच्या घरात इमारती गेल्या, ऐंशी हजार माणसं बेघर झाली. १२ सप्टेंबरला शहर मुक्त झालं. ज्यांची वाट पाहिली त्यांच्याच बॉम्बखाली शहर गेलं होतं.

या ढिगाऱ्यात शहराच्या पश्चिम भागातलं, समुद्राजवळचं संत जोसेफ हे धर्मग्रामाचं, म्हणजे एका परिसरातल्या भाविकांच्या मंडळीचं, चर्चही होतं. एकोणिसाव्या शतकातलं, त्या काळी फ्रान्सभर बांधली जात तशा चर्चांपैकी एक. ते पूर्ण नष्ट झालं. आज त्याच नावाचं जे चर्च तिथे उभं आहे, त्याचा अष्टकोनी काँक्रीटचा मनोरा १०७ मीटर उंच आहे आणि खाडीतून येणाऱ्या जहाजांना शहराच्या आधी तोच दिसतो. एका धर्मग्रामाला एवढा मनोरा कशासाठी? आणि एवढ्या मनोऱ्याखाली रविवारच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, बसणाऱ्या माणसाचं काय होतं? या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो या दोन प्रश्नांसाठी. माझ्या मते या इमारतीचं मोठेपण उंचीत नाही. शहराचं स्मारक आणि धर्मग्रामाचं घर या दोन मागण्या एकमेकींच्या आड येणाऱ्या होत्या, आणि तिने त्या एकाच जागी, वेदीच्या बरोबर डोक्यावर, एकत्र आणल्या. हे कसं जमलं ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पैसा कुणाचा, चर्च कुणाचं

आपल्याकडे चर्च म्हटलं की ते धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचं), भाविकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, असं आपण धरून चालतो. फ्रान्सची गोष्ट वेगळी आहे. १९०५ च्या कायद्याने तिथे शासन आणि धर्म यांची फारकत झाली, आणि त्याआधी बांधलेली धर्मग्रामांची चर्चं नगरपालिकांच्या मालकीची ठरली. उपासनेचा हक्क भाविकांचा, भिंती मात्र शहराच्या. एरवी नव्या चर्चसाठी सरकारी पैसा मिळत नाही. पण ऑक्टोबर १९४६ च्या युद्धहानी कायद्याने नष्ट झालेल्या मालमत्तेची पूर्ण भरपाई देण्याचं तत्त्व मान्य केलं आणि त्यात बॉम्बफेकीत गेलेली चर्चंही आली.

त्यामुळे युद्धानंतर फ्रान्समध्ये चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाच्या तिजोरीतून शेकडो चर्चं पुन्हा उभी राहिली. ल हाव्र हे गोदी कामगारांचं, डाव्या विचारांचं शहर. तिथे लोक तात्पुरत्या लाकडी घरांत राहत असताना चर्चवर खर्च का, हा प्रश्न विचारला जाणं साहजिक होतं. पण भरपाई चर्चची होती, आणि नवं चर्च बॉम्बफेकीतल्या मृतांचं स्मारकही असणार होतं. या दुहेरी भूमिकेमुळे त्याचा आकार बदलला. फक्त धर्मग्रामासाठी एवढा मनोरा कुणी मागितला नसता, आणि फक्त स्मारक असतं तर त्यात रोजची मिस्सा झाली नसती.

सत्तर वर्षांचा म्हातारा आणि एक न बांधलेलं चर्च

शहराच्या पुनर्बांधणीचं काम १९४५ मध्ये वास्तुशिल्पी ऑग्युस्त पेरे यांच्याकडे आलं. जन्म १८७४, म्हणजे वयाची सत्तरी उलटलेली. पेरे हे दगडकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या घरातले. भावांबरोबर बांधकामाची पेढी चालवायची म्हणून त्यांनी पॅरिसच्या कला महाविद्यालयातली पदवी पुरी केली नाही. सळई घातलेलं काँक्रीट हे त्या काळी गोदामं आणि कारखान्यांचं साहित्य मानलं जाई. पेरे यांनी ते १९०३-०४ मध्ये पॅरिसच्या र्‍यू फ्रँकलिनवरच्या राहत्या इमारतीत आणलं, १९१३ मध्ये शाँझेलिझे नाट्यगृहात आणलं, आणि १९२२-२३ मध्ये पॅरिसजवळच्या ल रँसी गावच्या चर्चमध्ये आणलं. ल रँसीचं चर्च पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मृतीशी जोडलेलं होतं आणि पैसे फार कमी होते. बारीक खांब, त्यांच्यामधल्या भिंतींच्या जागी काँक्रीटची साच्यातून काढलेली जाळी, जाळीत रंगीत काच. इतकंच. पण काँक्रीटला भक्तीची भाषा बोलता येते हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

भारतीय वाचकाला पेरे यांचं नाव अपरिचित असेल, त्यांच्या कचेरीतला एक उमेदवार मात्र परिचित आहे. १९०८-०९ मध्ये तिथे अर्धवेळ काम करणारा तो स्विस तरुण म्हणजे चंडीगडचे ल कोर्बुझिए. ल हाव्रमध्ये गुरूचा मनोरा चढत होता त्याच वर्षांत इकडे शिष्याचं चंडीगडचं उच्च न्यायालय उभं राहत होतं, आणि पूर्व फ्रान्समध्ये रोंशांचं चॅपल. रोंशांचं आधीचं चॅपलही १९४४ मध्येच युद्धात गेलं होतं. दोघांचं साहित्य एकच, काँक्रीट. शिष्याने ते ओतून वळवलं, फुगवलं, वक्र केलं. गुरूने शेवटपर्यंत खांब आणि तुळई सोडली नाही. पेरे यांच्या लेखी इमारतीचा सांगाडा लपवणं म्हणजे खोटं बोलणं होतं. त्यांच्या खांबाला गिलावा नसे. दातेरी हातोड्याने वरचा सिमेंटचा थर उडवून आतली खडी उघडी करायची आणि दगडाला टाकी लावावी तसं काँक्रीट घडवायचं, ही त्यांची पद्धत. माझं काँक्रीट दगडाहून सुंदर आहे, असं ते अभिमानाने सांगत.

ल हाव्रसाठी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची मोठी तुकडी जमवली. सगळं शहर ६.२४ मीटरच्या चौकटीवर आखलं. घरांचे खांब, खिडक्या, रस्त्यांच्या रुंदी, सगळं त्या मापाच्या पटीत. काँक्रीटच्या तुळईला हे अंतर किफायतशीर पडत होतं आणि सुटे भाग आधीच ओतून ठेवणं सोपं जात होतं. ढिगाऱ्यातला राडारोडा दळून नव्या काँक्रीटच्या खडीत मिसळला गेला. मेलेलं शहर अशा रीतीने नव्या शहराच्या भिंतींत शिरलं.

चर्चच्या वेळी मात्र पेरे यांनी नवा विचार केला नाही, जुना बाहेर काढला. १९२६ मध्ये पॅरिसमध्ये जोन ऑफ आर्कच्या नावे चर्च बांधण्यासाठी स्पर्धा झाली होती. पेरे यांनी त्यासाठी चौकोनी तळावर सुमारे दोनशे मीटरचा मनोरा सुचवला होता. तो नाकारला गेला. वीस-पंचवीस वर्षं कागदावर पडून राहिलेला तो आराखडा ल हाव्रमध्ये निम्म्या उंचीवर उतरला. यावर टीका होऊ शकते, आणि ती रास्त आहे. एका शहराच्या शोकासाठी दुसऱ्याच निमित्ताने काढलेलं चित्र वापरायचं का? मला वाटतं, याचा निवाडा पॅरिसच्या त्या चित्रात ल हाव्रला येताना काय बदललं यावरून करावा. आणि बदललं ते फार महत्त्वाचं होतं. मनोऱ्याची काच कुणी केली आणि कशी केली, त्याकडे मी पुढे येतो.

सोळा खांब

चर्च बाहेरून दोन भागांचं. खाली साधारण चाळीस मीटर बाजूचा रुंद, ठोकळ्यासारखा तळ. त्यावर अष्टकोनी मनोरा, टप्प्याटप्प्याने वर जाणारा. घुमट नाही, कमान नाही, पुतळे नाहीत.

आत गेल्यावर कळतं की मनोरा पोकळ आहे. बहुतेक चर्चांत मनोरा प्रवेशद्वाराजवळ असतो, त्यात घंटा असतात आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध फक्त घंटेच्या आवाजापुरता. इथे मनोरा म्हणजेच चर्च. चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे चार-चार खांबांचे जुडगे, असे सोळा चौकोनी खांब जमिनीवरून सुमारे २५ मीटर सरळ वर जातात. त्यांच्या माथ्यावरून तिरके टेकू निघतात आणि चौकोनाचा अष्टकोन करतात. त्या अष्टकोनावर मनोऱ्याचा पिंजरा उभा आहे, आतून टोकापर्यंत उघडा. खालच्या फरशीपासून वरपर्यंतची मोकळी उंची ८४ मीटर. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. त्याचं टोक तेवढं बाहेर ठेवलं तर उंचीने तो आत मावेल.

चौकोनी खोलीवर गोल किंवा अष्टकोनी छत कसं बसवायचं, हा वास्तुकलेतला फार जुना पेच. विजापूरच्या गोलघुमटात एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी तो सोडवला, इस्तंबूलच्या आया सोफियात कोपऱ्यांतल्या गोलाकार त्रिकोणांनी. दोन्हीकडे जड चुना-विटांचा भार खाली आणि बाहेर ढकलला जातो म्हणून भिंती जाड. काँक्रीटमध्ये सळई ताण घेते, त्यामुळे पेरे यांना भिंतींचं वजन लागलं नाही. तिरके टेकू मनोऱ्याचा भार उचलून खांबांवर देतात आणि बाहेर ढकललं जाणारं बळ वरच्या तुळयांची चौकट बांधून ठेवते. हे सगळं डोळ्यांना दिसतं. भार कुठून कुठे जातो हे मान वर करून बोटाने दाखवता येतं. इथे मात्र साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसे काँक्रीटवर तसेच आहेत. मला ही पारदर्शकता सजावटीपेक्षा जास्त भिडते. ज्या शहरात छपरं डोक्यावर कोसळली होती, तिथल्या माणसांना छप्पर कशाच्या आधाराने उभं आहे ते उघड दाखवलं आहे.

वेदी मध्यावर

मनोऱ्याच्या बरोबर खाली, तळाच्या मध्यभागी, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर वेदी आहे. भाविकांच्या जागा तिच्या चारी अंगांना.

आजच्या कॅथलिक वाचकाला यात फारसं नवल वाटणार नाही. पण हे काम १९५१ मध्ये सुरू झालं. कॅथलिक उपासनेत मोठे बदल घडवणारी दुसरी व्हॅटिकन परिषद भरली १९६२ ते १९६५ या काळात. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, वेदी चर्चच्या टोकाच्या भिंतीला लागून असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून उभे राहत. लांबट चर्चचा सगळा आकार त्या एका दिशेवर बेतलेला होता. १९२० नंतर जर्मनी आणि फ्रान्समध्ये उपासनेच्या नूतनीकरणाची चळवळ वाढली होती. भाविकांनी बघे न राहता उपासनेत सहभागी व्हावं, हा तिचा आग्रह. पोप पायस बारावे यांनी १९४७ च्या परिपत्रकात या चळवळीचं कौतुक केलं, त्याच वेळी अतिउत्साहाला लगामही घातला. वेदीला पुन्हा आद्य काळातल्या साध्या मेजाचं रूप देण्याचा हट्ट चुकीचा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. अशा वातावरणात धर्मग्रामाच्या चर्चमध्ये वेदी मधोमध आणणं सोपं नव्हतं.

ल हाव्रमध्ये ते घडलं, कारण इमारतीची रचनाच तशी होती असं वास्तुतज्ज्ञ म्हणतील. वेळ त्या विचाराची होती म्हणून, असं उपासनाशास्त्राचे अभ्यासक म्हणतील. मला दोन्ही एकत्रच दिसतात. मनोरा जर मृतांचं स्मारक असेल, तर त्याच्या पायथ्याशी, त्याच्या अक्षावर काय असावं? स्मारकांच्या पायथ्याशी एरवी नावांची शिळा असते, ज्योत असते, तोफ असते. इथे वेदी आहे. ख्रिस्ती श्रद्धेत मृत्यू आणि पुनरुत्थान यांचं स्मरण जिथे रोज होतं ती जागा. शहराच्या शोकाची उभी रेषा आणि धर्मग्रामाच्या रोजच्या उपासनेचं केंद्र एकाच बिंदूवर आलं. यानंतर मनोरा धर्मग्रामाला परका राहत नाही.

बसायला बाकांऐवजी घडीच्या लाकडी खुर्च्या आहेत, नाट्यगृहात असतात तशा. काहींना त्या खटकतात. मलाही त्यांचं नाट्यगृहाशी साम्य थोडं टोचतं, कारण वेदीभोवती जमलेल्या मंडळीला त्या प्रेक्षक करतात, आणि चळवळीचा विरोध नेमका त्यालाच होता. गुडघे टेकायच्या सोयीसह साधे बाक या जागेला जास्त शोभले असते.

मार्गेरीत युरे यांची १२,७६८ तुकड्यांची काच

आता काचेकडे. या चर्चमध्ये एकही संत काचेवर रंगवलेला नाही. येशूच्या जीवनातले प्रसंग नाहीत, मरीयामाता नाही. आहेत ते फक्त रंग: नारिंगी, पिवळा, हिरवा, जांभळा, लाल, हिरवट आणि पांढरा, आणि त्यांच्या पन्नासच्या आसपास छटा. तोंडाने फुंकून केलेल्या काचेचे एकूण १२,७६८ तुकडे, काँक्रीटच्या जाळीत बसवलेले. काम मार्गेरीत युरे यांचं. त्यांचा जन्म १८९५ चा. ल रँसीच्या चर्चची काचही त्यांनीच केली होती. तिथे काचेतली आकृतिचित्रं मोरिस दनी या चित्रकाराची होती आणि भोवतीचा रंगांचा पसारा युरे यांचा. ल हाव्रमध्ये चित्र गळून पडलं, रंग राहिला.

युरे यांनी रंग दिशेप्रमाणे वाटले. उत्तर आणि पूर्व या कमी उन्हाच्या बाजूंना थंड छटा, दक्षिण आणि पश्चिमेला उबदार, सोनेरी. शिवाय खालून वर जाताना रंग फिके होत जातात: तळाशी गडद, मनोऱ्याच्या टोकाशी जवळजवळ पांढरे. त्यामुळे नजर आपोआप वर ओढली जाते.

याचं खरं बळ कळायला ल हाव्रचं अक्षांश पाहावं लागतं. शहर साधारण साडेएकोणपन्नास अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. आपल्याकडे ऊन वरून पडतं. ते आत येऊ नये म्हणून आपण छज्जे काढतो, पडव्या ठेवतो. ल हाव्रमध्ये हिवाळाभर ऊन आडवं येतं. उभ्या काचेतून ते थेट आत शिरतं, समोरच्या काँक्रीटवर आदळतं आणि खांबांवर रंगांचे ठिपके पडतात. सूर्य सरकला की ठिपके सरकतात. सकाळच्या मिस्सेचं चर्च आणि संध्याकाळचं चर्च रंगाने वेगळं असतं. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे कलतो तेव्हा पश्चिमेचे नारिंगी-सोनेरी तुकडे पेटतात. ढगाळ दिवशी, आणि त्या किनाऱ्यावर ढगाळ दिवस पुष्कळ, सगळं राखाडी काँक्रीट मुकाट असतं आणि फक्त वरचे फिके रंग जागे राहतात.

१९२६ च्या पॅरिसच्या आराखड्याहून ल हाव्रचं चर्च सरस ठरतं ते इथे. तो आराखडा उंचीच्या अभिमानाचा होता. युरे यांच्या काचेने त्या उंचीला रोजचं काम दिलं: सूर्याचा दिवसभराचा प्रवास वेदीपर्यंत आणून पोहोचवणं. इमारतीचं श्रेय देताना पेरे यांचं नाव एकटं घेतलं जातं, ते मला मनापासून अन्यायाचं वाटतं. युरे यांच्याशिवाय हा मनोरा करड्या काँक्रीटचा धुराडा झाला असता.

चित्रं का नाहीत, याबद्दल माझा एक विचार आहे. तो माझाच आहे, कुणा दस्तऐवजातला नाही. युद्धस्मारकाला सांगायला एक गोष्ट लागते: शत्रू कोण, वीर कोण, बलिदान कशासाठी. ल हाव्रच्या मृतांची गोष्ट सर्वांना पटेल अशी सांगता येत नव्हती. ते मित्रांच्या बॉम्बखाली मेले होते, आणि त्याच मित्रांमुळे देश मुक्त झाला होता. मुंबईच्या गोदीत एप्रिल १९४४ मध्ये झालेल्या स्फोटातल्या मृतांचं काहीसं असंच आहे. युद्धकाळातला मृत्यू, पण युद्धाच्या कथेत जागा नसलेला. अशा मृतांसाठी कुणाला तरी वीर आणि कुणाला तरी खलनायक करणारी काच खोटी ठरली असती. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीने जळालेल्या कॅथेड्रलचे अवशेष जपून शेजारी नवं बांधलं; जर्मनीत कोलोनला उद्ध्वस्त चर्चच्या भग्न भिंतींत छोटं चॅपल उभं राहिलं. ल हाव्रमध्ये अवशेष जपले नाहीत, दोषारोपही केला नाही. प्रकाश तेवढा आत घेतला.

पेरे यांच्यानंतर

२५ फेब्रुवारी १९५४ रोजी पेरे गेले. चर्च तेव्हा अपुरं होतं. ते पुरं केलं त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुख्यतः रेमों ओदिजिए आणि जॉर्ज ब्रोशार यांनी. काम १९५७ च्या सुमारास संपलं. १९६५ मध्ये, म्हणजे अवघ्या काही वर्षांत, फ्रान्स सरकारने चर्चला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

लोकांचं मन वळायला मात्र फार वेळ लागला. नव्या काँक्रीटच्या शहराला समुद्रकाठचं स्टालिनग्राड म्हणून हिणवलं जाई. सरळ रस्ते, सारखी घरं, करडा रंग. जुन्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसांना ते आपलं वाटलं नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. २००५ मध्ये युनेस्कोने पुनर्बांधणी झालेल्या या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यानंतर बाहेरचे लोक जे पाहायला येऊ लागले ते स्थानिकांनीही नव्याने पाहिलं. २०१७ मध्ये शहराच्या पाचशे वर्षांच्या उत्सवात चिहारू शिओता या जपानी कलावतीने मनोऱ्याच्या पोकळीत लाल धाग्यांचं प्रचंड जाळं टांगलं, वेदीवर उतरणाऱ्या भोवऱ्यासारखं. चर्चचा असा वापर काही भाविकांना रुचणार नाही हे मी समजू शकतो. पण त्या धाग्यांनी उभ्या अक्षाकडेच लक्ष वेधलं, आणि तो अक्ष या इमारतीचा कणा आहे.

एक तपशील इथेच सांगायला हवा. संत जोसेफ आजही कॅथेड्रल नाही. ल हाव्रचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७४ मध्ये झाला, तेव्हा बिशपांचं आसन युद्धातून वाचलेल्या जुन्या नोत्र-दाम चर्चला मिळालं. शहरातलं सर्वांत उंच, सर्वांत प्रसिद्ध चर्च पदाने धर्मग्रामाचंच राहिलं.

दादरचं उत्तर

संत जोसेफसारखं आपल्याकडे काय आहे, असं विचारलं तर मी दादरच्या गोखले रोडवरच्या साल्वासांव चर्चकडे बोट दाखवीन. मुंबईकर त्याला पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखतात. इथला धर्मग्राम पोर्तुगीज काळातला; सध्याची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ मधली, परिषदेनंतरची. दिसायला दोन्हींत काहीच साम्य नाही. कोरिया यांनी एक मोठं दालन केलंच नाही. बंदिस्त आणि उघड्या जागांची साखळी केली, मध्ये अंगणं ठेवली आणि मुख्य जागांवर वर निमुळती होत जाणारी काँक्रीटची कवचं बसवली. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, त्याचं लोकांमधलं कार्य आणि त्याचं बलिदान हे तीन टप्पे त्यांच्या आराखड्यामागे होते.

पण जवळून पाहिलं तर प्रश्न तोच आहे: वेदीवरच्या पोकळीने काय काम करायचं? ल हाव्रच्या थंडीत तिने आडवं ऊन पकडून खाली आणायचं. दादरच्या दमट उकाड्यात तिने तापलेली हवा वर नेऊन बाहेर सोडायची आणि अंगणांतून गार वारा आत ओढायचा. एकाच काँक्रीटचे दोन हवामानांत असे दोन उपयोग झाले. ल हाव्रची नुसती नक्कल दादरला आणली असती तर एप्रिल-मे महिन्यांत काचेच्या त्या पिंजऱ्याखाली बसणं अशक्य झालं असतं.

जिथे इमारत कमी पडते

संत जोसेफचा दुबळा भाग रस्त्याच्या पातळीवर आहे. दुरून मनोरा बोलावतो, जवळ गेल्यावर तळाचा ठोकळा बोलतच नाही. धर्मग्रामाच्या चर्चला पायऱ्यांवर गप्पा मारायला, लग्नाची वरात थांबायला, मयताला आलेल्या माणसांना पावसात उभं राहायला जागा लागते. वसईतल्या कुठल्याही चर्चचं अंगण पाहिलं की ही जागा किती कामाची असते ते कळतं. पेरे यांच्या चर्चला असं अंगण नाही. तो रस्त्यांच्या जाळ्यात बसवलेला एक ठोकळा आहे. शिवाय रविवारी जमणारी मंडळी फ्रान्समध्ये दशकांमागून दशकं कमी होत गेली आहे. ८४ मीटरच्या पोकळीखाली थोडी माणसं बसली की जागा त्यांना पोरकं करते. वेदी मध्यावर असल्यामुळे ती निदान तिच्याजवळ गोळा होऊ शकतात. लांबट चर्चमध्ये हीच माणसं मागच्या बाकांवर विखुरली असती.

आणि देखभाल. समुद्रापासून काहीशे मीटरवर उघडं काँक्रीट म्हणजे खारं वारं, मीठ आणि ओल यांच्याशी कायमचं भांडण. क्षार हळूहळू आत झिरपून सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते, गंज फुगतो, वरच्या काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यात पेरे यांनी गिलावा नाकारलेला, त्यामुळे दुरुस्तीचं ठिगळ झाकायला काहीच नाही. नव्या काँक्रीटची खडी, रंग आणि फळ्यांचे ठसे जुन्याशी जुळवावे लागतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं एक मोठं दुरुस्तीकाम झालं, आणि अशी कामं पुढेही ठरावीक काळाने करावी लागतील. काचेच्या बाबतीत तुकड्यांची रचनाच मदतीला येते. चित्र असलेल्या मोठ्या खिडकीत एक भाग गेला तर संताचा चेहराच जातो. इथे एक तुकडा फुटला तर त्याच छटेचा दुसरा फुंकून त्याच चौकटीत बसवता येतो, आणि बाकीचे जागचे हलत नाहीत.